रोहिणीवर जन्मली, मग अक्षर ‘ओ’ कसे?

मुलगी रोहिणी नक्षत्रावर जन्मली. आजीच्या मनात नाव तयारच असते : रोहिणी. गुरुजी पंचांग उघडतात आणि सांगतात, ‘‘ओ, वा, वी, वू यांतलं अक्षर येतंय.’’ ‘रो’ या यादीत नाहीच. तक्ता चाळत गेले तर ‘रो’ सापडते ते स्वाती नक्षत्राच्या तिसऱ्या चरणात. ‘रेवती’चा ‘रे’ही स्वातीतच, दुसऱ्या चरणात. ‘अनुराधा’चा ‘अ’ कृत्तिकेत आणि ‘विशाखा’चा ‘वि’ खुद्द रोहिणीत. मघासारखा एखादा अपवाद सोडला, तर नक्षत्राचे नाव आणि त्याचे अक्षर यांचा मेळ बसत नाही.

तारे आणि प्रकाश यांच्याशी जोडलेली नावे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आवडीने ठेवली जातात. पण जन्मनक्षत्र म्हणजे नेमके काय, अक्षर कुठून येते आणि ज्या ताऱ्याचे नाव आपण बाळाला देतो तो आकाशात कुठे असतो, हे बहुतेक घरांत कोणी सांगत नाही. हे कळले, तर नाव निवडणे सोपे होते आणि त्यातला आनंदही वाढतो.

चंद्राचे २७ थांबे

पृथ्वीभोवती फिरताना चंद्र ताऱ्यांच्या एका ठरावीक पट्ट्यातून सरकत जातो. एखाद्या ताऱ्यापासून निघून पुन्हा त्याच ताऱ्यापाशी यायला त्याला सुमारे २७ दिवस ८ तास लागतात. म्हणून आपल्या पूर्वजांनी या पट्ट्याचे २७ समान भाग केले. ठरलेल्या मार्गावर एसटीचे ठरलेले थांबे असावेत, तशी ही २७ नक्षत्रे. चंद्र रोज साधारण एक थांबा ओलांडतो. बाळ जन्मले त्या क्षणी तो ज्या भागात होता, ते बाळाचे जन्मनक्षत्र.

आता थोडे गणित. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचे. त्याचे २७ भाग केले की एक नक्षत्र १३ अंश २० कलांचे होते. प्रत्येक नक्षत्राचे चार चरण, म्हणजे एकूण १०८ चरण आणि एक चरण ३ अंश २० कलांचा. चंद्राला एक चरण ओलांडायला सुमारे सहा तास लागतात. गुरुजी जन्मवेळ विचारतात ती यासाठी. सकाळी जन्मलेल्या आणि त्याच संध्याकाळी जन्मलेल्या बाळाचे नक्षत्र एक असू शकते, पण चरण बदलतो आणि चरण बदलला की अक्षर बदलते.

परदेशातल्या मराठी घरांत इथे हमखास घोटाळा होतो. चंद्राचे स्थान साऱ्या जगासाठी एकाच क्षणी एकच असते. बदलते ते घड्याळ. पुण्यात छापलेल्या पंचांगातल्या वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार असतात. न्यूयॉर्कचे घड्याळ भारतापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. तिथली जन्मवेळ तशीच धरून पंचांग पाहिले, तर चरण चुकतो आणि कधी नक्षत्रही चुकते.

शेतकऱ्याच्या तोंडचे ‘मृग लागला’ हेही नीट समजून घ्यायला हवे. ७-८ जूनच्या सुमारास लागतो तो मृग सूर्याचा : त्या दिवशी सूर्य मृग नक्षत्राच्या भागात शिरतो. बाळाचे जन्मनक्षत्र मात्र चंद्रावरून ठरते. म्हणून मृगाच्या पहिल्या पावसात जन्मलेल्या बाळाचे जन्मनक्षत्र २७ पैकी कोणतेही असू शकते.

अक्षरे आली कुठून?

पंचांगातल्या अक्षरांच्या तक्त्याला अवकहडा चक्र म्हणतात. त्याची रचना त्याच्या नावातच आहे : अ, व, क, ह, ड. या प्रत्येक वर्णाला अ, इ, उ, ए, ओ हे पाच स्वर क्रमाने लावत जायचे आणि कृत्तिकेपासून सुरुवात करून दर चार अक्षरांना एक नक्षत्र द्यायचे.

करून पाहा. कृत्तिकेला अ, ई, उ, ए मिळतात. उरलेला ‘ओ’ आणि पुढचे वा, वी, वू रोहिणीकडे जातात. वे, वो, का, की मृगाला येतात. ‘कू’नंतर घ, ङ, छ ही तीन जादा अक्षरे घालून आर्द्रेची चार पूर्ण होतात. पाच वर्णांची २५ आणि जादा तीन अशी २८ अक्षरे कृत्तिकेपासून आश्लेषेपर्यंतच्या सात नक्षत्रांना बरोबर पुरतात. पुढे मघापासून म, ट, प, र, त यांचा गट, अनुराधेपासून न, य, भ, ज, ख यांचा आणि धनिष्ठेपासून ग, स, द, च, ल यांचा. रोहिणीला ‘ओ’ का, याचे उत्तर एवढेच आहे. तो वर्णमालेच्या क्रमाने तिच्या वाट्याला आला. रोहिणीच्या ताऱ्याशी किंवा त्याच्या तेजाशी त्याचा संबंध नाही.

या तक्त्यात दोन जुन्या खुणा जपल्या गेल्या आहेत. पहिली खूण कृत्तिकेपासून होणाऱ्या सुरुवातीची. आज आपण नक्षत्रे अश्विनीपासून मोजतो, पण वैदिक ग्रंथांतल्या याद्या कृत्तिकेपासून सुरू होतात. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ (१८९६) या मराठी ग्रंथात त्यांची सविस्तर चर्चा आहे. दुसरी खूण अभिजिताची. सात-सात नक्षत्रांचे चार गट म्हणजे २८ नक्षत्रे होतात, २७ नव्हेत. अभिजित हे अठ्ठाविसावे नक्षत्र धरले तरच हा हिशेब पुरा होतो. जू, जे, जो, खा ही अक्षरे त्याची. २७ नक्षत्रांच्या मोजणीत त्यांना स्वतःचे घर उरत नाही. व्यवहारात ती मकर राशीत धरतात.

अक्षर आणखी एका कारणाने बदलते. नक्षत्रचक्राची सुरुवात कोणत्या बिंदूपासून धरायची, याबद्दल पंचांगकर्त्यांत चित्रा पक्ष आणि रैवत पक्ष असे दोन पक्ष आहेत. त्यांच्या आरंभबिंदूंत सुमारे चार अंशांचा फरक आहे आणि एक चरण तर सव्वातीन अंशांहून थोडाच मोठा. साहजिकच एकाच बाळाला दोन पंचांगांतून दोन अक्षरे मिळू शकतात.

जन्मनाव किंवा नावरस नाव ही आपल्या घरांतली जुनी रीत आहे. पत्रिकेत आणि धार्मिक विधींत ते नाव घेतात आणि शाळेत, कचेरीत व्यवहारनाव चालते. दोन नावांची ही सोय शहाणपणाची आहे. ज्यांना रीत पाळायची आहे त्यांनी त्या अक्षराचे जन्मनाव ठेवावे. रोजच्या हाकेचे नाव मात्र अर्थ, उच्चार आणि आवड पाहून मोकळेपणाने निवडावे. हस्ताच्या चरणात ‘ण’ आला, म्हणून कोणी हतबल व्हायचे कारण नाही.

भीतीबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. मूळ नक्षत्रावर बाळ जन्मले की काही घरांत चेहरे पडतात. चंद्र दर २७ दिवसांनी मुळात येतो. जगात जन्मणाऱ्या सरासरी २७ बाळांपैकी एक मुळावरचे असते. त्यात अशुभ काही नाही. उलट आपल्या आकाशगंगेचे केंद्र, इथून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवरचे, आकाशाच्या त्याच भागात आहे.

नावातला तारा पाहून घ्या

नक्षत्र हा आकाशाचा पट्टा, पण प्रत्येक नक्षत्राची ओळख पटवणारा तारा किंवा तारकासमूह असतो. नाव ठेवताना तो पाहायलाच हवा.

रोहिणी हा तांबूस तारा आहे. डिसेंबर ते फेब्रुवारीत रात्री आठ-नऊच्या सुमारास मृग नक्षत्र शोधा. त्याच्या मध्यभागी तीन तारे एका रेषेत दिसतात. ही रेषा एका बाजूला वाढवली की तेजस्वी व्याध भेटतो आणि दुसऱ्या बाजूला रोहिणी. तिचा तांबूसपणा डोळ्यांना सहज जाणवतो आणि त्याचे कारण तापमानात आहे. ताऱ्याचा पृष्ठभाग जितका थंड तितका तो लालसर आणि जितका तप्त तितका निळसर. रोहिणीचा पृष्ठभाग सुमारे ३,६०० अंश सेल्सिअस, आपल्या सूर्याचा सुमारे ५,५०० आणि निळसर पांढऱ्या चित्रेचा २० हजारांहून अधिक. दक्षाच्या २७ कन्यांपैकी चंद्राचे रोहिणीवर विशेष प्रेम होते, अशी पुराणकथा आहे. आकाशात पाहिले तर चंद्र काही वर्षे दर महिन्याला रोहिणीला चक्क झाकून पुढे जातो. रोहिणी त्याच्या वाटेच्या अगदी कडेला आहे.

स्वातीचे याच्या उलट. तो नारिंगी, फार तेजस्वी तारा आहे, पण चंद्राच्या वाटेपासून खूप उत्तरेला. चंद्र ‘स्वाती नक्षत्रात’ असतो तेव्हाही या ताऱ्याजवळ जात नाही. फक्त आकाशाच्या त्या उभ्या पट्ट्यातून तो चाललेला असतो. श्रवण आणि अभिजित हेही असेच दूर राहिलेले तारे. एप्रिल ते जूनमध्ये सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे वाढवा. आधी स्वाती लागतो आणि आणखी पुढे चित्रा.

आपल्या महिन्यांची नावेही याच ताऱ्यांवरून आली. पौर्णिमेचा चंद्र चित्रेच्या आसपास असतो तो चैत्र, विशाखेच्या आसपास तो वैशाख. कृत्तिकेवरून कार्तिक, मघेवरून माघ. कार्तिक नावाच्या मुलाला कार्तिकी पौर्णिमेला चंद्राशेजारचा कृत्तिकांचा छोटा पुंजका दाखवता येईल. चंद्राच्या उजेडात तो फिका वाटेल. चार-पाच दिवसांनी चंद्र पुढे सरकला की संध्याकाळच्या अंधारात चांगला दिसेल.

ध्रुव हे नाव आज लोकप्रिय आहे. हा तारा शोधायला अगदी सोपा, कारण तो उत्तरेला क्षितिजापासून जवळजवळ तितक्याच अंशांवर दिसतो जितके आपल्या गावाचे अक्षांश असतात : मुंबईहून १९, नागपूरहून २१, लंडनहून सुमारे ५१. मात्र तो ‘अढळ’ आहे तो माणसाच्या आयुष्यापुरता. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरी घेतो आणि ध्रुवपदाचा तारा बदलत जातो. सुमारे १२ हजार वर्षांनी अभिजित त्या जागेच्या जवळ असेल.

अरुंधती सप्तर्षींत वसिष्ठाला खेटून दिसते. लग्नात नवरा-नवरीला तिचे दर्शन घडवण्याची चाल आहे. अगस्त्य हा रात्रीच्या आकाशातला दुसरा सर्वांत तेजस्वी तारा जानेवारी ते मार्चमध्ये दक्षिणेला दिसतो. लंडन किंवा न्यूयॉर्कहून मात्र अगस्त्य कधीच उगवत नाही आणि मेलबर्नहून ध्रुव आणि अरुंधती दिसत नाहीत. परदेशात राहणाऱ्या आईवडिलांनी हे आधी माहीत करून घ्यावे. रेवतीचा तारा इतका मंद आहे की तो पाहायला शहराबाहेरचे काळोखे आकाशच हवे.

किती जुना प्रकाश?

प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ८ मिनिटे २० सेकंद लागतात. ताऱ्यांसाठी हे माप अपुरे पडते, म्हणून प्रकाश वर्षभरात जेवढे अंतर कापतो त्याला एक प्रकाशवर्ष म्हणतात : सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर.

याचा नावाशी सुंदर संबंध लावता येतो. श्रवण तारा सुमारे १७ प्रकाशवर्षांवर आहे. बाळ जन्मले त्या दिवशी तिथून निघालेला प्रकाश ते बारावीत असताना पृथ्वीवर पोहोचेल. अभिजितचा प्रकाश पंचविशीत आणि रोहिणीचा पासष्टीत. उलट आज दिसणारा चित्रेचा प्रकाश निघाला तेव्हा पुण्यात पेशवाई होती आणि कृत्तिकांचा निघाला तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्म व्हायचा होता.

चौकट : नाव, अंतर आणि पाहण्याचा काळ (रात्री आठ-नऊच्या सुमारास)
• श्रवण : सुमारे १७ प्रकाशवर्षे; सप्टेंबर-ऑक्टोबर
• अभिजित : सुमारे २५ प्रकाशवर्षे, सप्टेंबर-ऑक्टोबर
• स्वाती : सुमारे ३७ प्रकाशवर्षे; एप्रिल ते जून
• रोहिणी : सुमारे ६५ प्रकाशवर्षे, डिसेंबर ते फेब्रुवारी
• मघा : सुमारे ७९ प्रकाशवर्षे, मार्च-एप्रिल
• अरुंधती : सुमारे ८० प्रकाशवर्षे, एप्रिल-मे
• चित्रा : सुमारे २५० प्रकाशवर्षे, एप्रिल ते जून
• अगस्त्य : सुमारे ३१० प्रकाशवर्षे, जानेवारी ते मार्च
• कृत्तिका : सुमारे ४४० प्रकाशवर्षे, डिसेंबर ते फेब्रुवारी

प्रकाशाच्या छटा

‘प्रकाश’ हा एकच अर्थ हवा असला, तरी त्यात निवडीला भरपूर वाव आहे. उषा म्हणजे सूर्य उगवण्याआधीचा उजेड. अरुण हा त्या वेळचा तांबूस रंग आणि सूर्याचा सारथीही. रश्मी, अंशू, मयूख म्हणजे किरण. प्रभा, आभा, दीप्ती, द्युती यांत तेजाची झळाळी आहे. ज्योत्स्ना, चंद्रिका आणि कौमुदी हे चांदणे. चांदणे म्हणजे चंद्रावर पडून परतलेले ऊनच असते.

सूर्याच्या नावांत एक सोपी किल्ली आहे. ‘कर’ म्हणजे करणारा : प्रभा करणारा प्रभाकर, दिवस करणारा दिवाकर, तेज देणारा भास्कर. हाच ‘कर’ रात्रीला जोडला की निशाकर होतो आणि तो चंद्र. आदित्य म्हणजे अदितीचा मुलगा. अदिती ही पुनर्वसू नक्षत्राची देवता. म्हणून पुनर्वसूवर जन्मलेल्या मुलीला अदिती हे नाव अक्षर जुळले नाही तरी अर्थाने शोभते. सविता हे संस्कृतात सूर्याचे, पुल्लिंगी नाव. मराठीत ते मुलीचे झाले आणि तसेच रुजले.

काही ठिकाणी जपून पाऊल टाकावे. मिहिर म्हणजे सूर्य, पण त्याच्याशी यमक जुळणारा तिमिर म्हणजे अंधार. आभा म्हणजे तेज, पण आभास मराठीत भ्रमाच्या अर्थाने वापरतात. उल्का हा तारा नव्हे. अवकाशातून आलेला लहानसा खडा किंवा कण हवेत शिरताना तापून क्षणभर झळकतो, ती उल्का. नाव छान आहे, फक्त ते कशाचे नाव आहे हे माहीत असावे. यामिनी, शर्वरी, विभावरी ही रात्रीची नावे आहेत. तारे दिसायला रात्र लागतेच, त्यामुळे ती ठेवण्यात काही वावगे नाही.

एकच आकाश, अनेक घरे

आपल्या समाजात ताऱ्यांची नावे फक्त संस्कृतातून आलेली नाहीत. ज्या पुंजक्याला आपण कृत्तिका म्हणतो, तोच अरबी परंपरेत सुरैया. आपला अगस्त्य तोच सुहैल. नूर आणि झिया म्हणजे प्रकाश. पारशी घरांतली खुर्शीद आणि रोशन, गोव्याच्या ख्रिस्ती घरांतली स्टेला आणि ल्युसी हीदेखील सूर्याची, ताऱ्याची आणि उजेडाचीच नावे. बौद्ध परंपरेने अमिताभ आणि दीपंकर ही नावे दिली : ज्याच्या तेजाला सीमा नाही तो अमिताभ आणि दिवा उजळणारा तो दीपंकर. एकाच आळीतल्या कृत्तिका आणि सुरैया या दोन मुलींची नावे आकाशातल्या एकाच जागेची असू शकतात, हे मुलांना जरूर सांगावे.

नाव पक्के करण्यापूर्वी

मोबाइलवरच्या नावांच्या याद्यांत हव्या त्या शब्दापुढे ‘तेजस्वी तारा’ असा अर्थ लिहिलेला सापडतो. त्यावर विसंबू नका. वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत कोश किंवा ‘गीर्वाणलघुकोश’ यांसारख्या जुन्या, भरवशाच्या कोशात शब्द शोधा. कोशात शब्दच नसेल, तर तो नव्याने घडवलेला किंवा दुसऱ्या भाषेतला असण्याची शक्यता जास्त. नाव कानाला गोड वाटत असेल तर जरूर ठेवा, पण मुलाला त्याचा खोटा अर्थ सांगू नका.

नाव आडनावासह मोठ्याने म्हणून पाहा. आजोबांच्या तोंडी ते कसे येते, हाक मारताना त्याचे काय होते, रोमन लिपीत लिहिल्यावर अनोळखी माणूस ते कसे वाचतो, हे बघा. ज्योत्स्ना, कृत्तिका अशा जोडाक्षरी नावांचे लेखन जन्मदाखल्यापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत एकच ठेवा. पुढे कागदपत्रांतला फरक निस्तरताना फार दमछाक होते. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. त्या वेळी नाव ठरले नसेल, तरी पहिल्या १२ महिन्यांत ते विनाशुल्क नोंदवता येते आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणजे बाराव्या दिवसाच्या बारशासाठी घाईने मनाविरुद्ध नाव ठेवायची सक्ती कोणावरच नाही. पाळण्यात एखादे लाडाचे नाव ठेवून व्यवहारनावासाठी सवड घेता येते.

रोहिणीवर जन्मलेल्या मुलीचे नाव रोहिणी ठेवायला कोणतीही आडकाठी नाही. अक्षराची रीत पाळायची असेल तर पत्रिकेत विभावरी लिहा आणि घरात रोहिणी म्हणा. एक काम तेवढे विसरू नका : मूल चार-पाच वर्षांचे झाले की एखाद्या हिवाळी रात्री त्याला गच्चीवर न्या आणि त्याच्या नावाचा तारा बोटाने दाखवा. नाव शहरातून न दिसणाऱ्या मंद ताऱ्याचे असेल, तर गावी गेल्यावर दाखवा.